वजन जिन्यात कळते

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटार, बॅटरी आणि वॅट यांवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील. पण गेल्या दिवाळीपासून मी ज्या हिशेबात अडकलो आहे, तो सुटेपर्यंत मला दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. प्रश्न तसा साधा आहे. 'कमवा आणि शिका' योजनेतून साठवलेल्या पैशांत वडिलांसाठी विजेची सायकल घ्यायची आहे. ती हलकी घ्यावी की जड?

आमचे घर पुण्यात धनकवडीला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. अण्णा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात काम करतात. सकाळी ते उताराने आरामात जातात. संध्याकाळी स्वारगेट मागे पडले की चढ सुरू होतो. त्यांची काळी सायकल वीस किलोच्या घरातली. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात त्यांनी तिच्यावर उभी हयात काढली. आता गुडघ्याने असहकार पुकारला आहे. चढावर ते उतरून सायकल ढकलत येतात आणि घरी आल्यावर "आज जरा उशीर झाला" एवढेच म्हणतात.

विजेची सायकल ही काही कालची कल्पना नव्हे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकात मोटार बसवलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ मध्येच मिळाले होते. अडले ते बॅटरीपाशी. शिशाच्या बॅटरीत एका किलोला जेमतेम तीस-चाळीस वॅट-तास वीज मावते. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि तेवढ्याच वजनात चार-पाच पट वीज मावू लागली. (या बॅटरीच्या जनकांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) त्यामुळेच पंधरा-सतरा किलोंची विजेची सायकल शक्य झाली. म्हणजे अण्णांच्या बिनविजेच्या सायकलीपेक्षाही ती हलकी! नेहमीच्या विजेच्या सायकली मात्र बावीस ते अठ्ठावीस किलो भरतात.

आपल्याकडचा नियमही सोयीचा आहे. मोटार २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत असेल, तर ते मोटार वाहन ठरत नाही. परवाना नको, नोंदणी नको. खर्च म्हणाल तर २५० वॅट-तासांची बॅटरी भरायला पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी तीन रुपयांत काम होते. खरा खर्च पुढे येतो. साधारण पाचशे वेळा भरून झाली की बॅटरीची धारणशक्ती घटू लागते आणि केव्हातरी नवी घ्यावी लागते.

माझा पहिला कौल अर्थातच हलक्या सायकलीला होता. हलकी असेल तर चढाला बरी, असे कोणीही म्हणेल. मग एके रात्री मी कागद घेऊन बसलो. दोन सायकलींत आठ किलोंचा फरक आहे आणि साठ मीटरांचा चढ आहे असे समजू. आठ किलो वजन साठ मीटर वर न्यायला सव्वा वॅट-तास लागतो. मोटारीतली गळती धरून दोन म्हणा. २५० च्या बॅटरीत हा शंभरावा भागही नाही! याउलट ताशी १५ ऐवजी २५ च्या वेगाने गेलो, तर वाऱ्याशी झगडायला साडेचार पटींहून अधिक शक्ती लागते. थोडक्यात, मोटार चालू असताना बॅटरी खातो तो वेग. सायकलीचे वजन नव्हे.

मग वजन जाणवते कोठे? दोन ठिकाणी. एक, बॅटरी वाटेत संपली तर; आणि दुसरे, जिन्यात. या दोन्ही जागी मोटार मदतीला येत नाही, माणसालाच ओझे वाहावे लागते.

आणि हलकेपणा फुकटही मिळत नाही. काहीतरी काढल्याशिवाय वजन उतरत नाही. बॅटरी लहान होते, म्हणजे पल्ला कमी होतो. एका किलोमीटरला दहा वॅट-तास धरले तर २५० मध्ये पंचवीस किलोमीटर. टायर बारीक होतात. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते आठवा. गिअर बहुधा एकच असतो. कॅरिअर, स्टँड आणि मडगार्ड गायब होतात. अण्णांचा डबा मग कोठे लावायचा? पुष्कळ हलक्या सायकलींत बॅटरी सांगाड्याच्या नळीतच कायमची बसवलेली असते. ती भरायची तर अख्खी सायकल वर न्या!

गुडघ्याचा मुद्दा आणखी वेगळा. काही सायकलींत पायाचा दाब मोजून त्या प्रमाणात मोटार जोर देते. चालवायला ती फार सहज वाटते, पण आधी दाब द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पायडल नुसते फिरू लागले की मोटार धावून येते; जोडीला हातातला थ्रॉटल असला तर थांबलेली सायकल पायाला ताण न देता सुटते. तरण्या पायांना पहिला प्रकार उत्तम. दुखऱ्या गुडघ्याला दुसरा.

हे सगळे मी अण्णांना समजावून सांगितले. त्यांनी चष्मा पुसत एकच विचारले, "वर कोण नेणार?"

"मी नेईन की, अण्णा."

"अरे, आज नेशील. तुला उद्या नोकरी दुसऱ्या गावी लागली म्हणजे?"

माझा सगळा हिशेब माझ्या खांद्यांच्या भरवशावर चालला होता, हे तेव्हा ध्यानात आले. सायकल त्यांची आणि खांदे माझे, असे किती दिवस चालणार?

तेव्हा निर्णय झाला तो असा. वसतिगृहात राहणाऱ्या, रोज सायकल उचलून खोलीत नेणाऱ्या आणि दहा-बारा किलोमीटर फिरणाऱ्या माझ्या मित्रांनी खुशाल हलकी सायकल घ्यावी. अण्णांसाठी मात्र बावीस किलोंची, पाच-सात गिअरांची, थ्रॉटल असलेली आणि बॅटरी सुटी होणारी. सायकल खाली जिन्याच्या गजाला साखळीने बांधलेली राहील. दोन-अडीच किलोंची बॅटरी तेवढी पिशवीतून वर येईल. ती दाराच्या वाटेत भरायची नाही आणि रात्रभर लावून ठेवायची नाही, हेही ठरले आहे.

पैशांत अजून थोडी तूट आहे. परीक्षा संपल्यावर दोन महिने काम केले की ती भरून निघेल. तोवर संध्याकाळी स्वारगेटला थांबून चढावर अण्णांची सायकल मीच ढकलतो आहे. डबा मात्र ते स्वतःच्याच हातात धरतात.