बोंडातली अळी आणि डार्विन

२०१७ च्या दिवाळीनंतर गावी गेलो होतो. वऱ्हाडातलं आमचं शेत दुरून नेहमीसारखंच हिरवं दिसत होतं. काकांनी एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत कापसाऐवजी कवडी, आणि सरकीत शिरलेली गुलाबी अळी. "तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोस ना? मंग सांग, बीटी खाऊन हे अळी मेली काऊन नाही?"

गावात दोन उत्तरं होती. बियाणं बोगस निघालं, किंवा अळीला विषाची सवय झाली. दुसरं उत्तर पटण्याजोगं वाटतं, पण सवय एका जिवाला लागते आणि त्याच्याबरोबरच संपते. इथे घडलं ते वेगळंच.

डार्विनने १८५९ मध्ये मांडलेल्या नैसर्गिक निवडीला तीनच गोष्टी लागतात. एकाच जातीच्या जिवांत फरक असावेत, ते पिल्लांत उतरावेत, आणि त्या फरकांमुळे कोणाची पिल्लं जास्त, कोणाची कमी जगावीत. निवड म्हटलं की सूप घेऊन बसलेली आजी आठवते. इथे सूप धरणारं कोणी नसतं.

बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला. त्यातलं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या विशिष्ट प्रथिनांना चिकटतं आणि आतडं फुटतं. पण लाखो अळ्यांत एखादीच्या आतड्याची घडण जराशी वेगळी असते. विष तिथे चिकटत नाही. विषाने ही अळी घडवली नाही. त्याने बाकीच्या मारून तिला रान मोकळं करून दिलं. एकही अळी बदलली नाही. बदललं ते अळ्यांच्या वस्तीतलं प्रमाण. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं. पुढे गुजरातेत अळी पहिल्या प्रथिनाला दाद देईना, तेव्हा सारा भार दुसऱ्यावर पडला.

हे होणार याची कल्पना शास्त्रज्ञांना होती. म्हणून ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटीची पुडी मिळे. तिच्या ओळींवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले, तर पिल्लांना प्रतिकाराचा गुण एकाच पालकाकडून मिळतो, आणि तेवढ्याने बहुतेकींचा बीटीपुढे निभाव लागत नाही. आमच्याकडे ती पुडी कधी पेरलीच गेली नाही. हातावर पोट असलेला माणूस अळीसाठी मुद्दाम ओळी कशा राखेल? शिवाय पाणी देऊन फरदड घ्यायची, म्हणजे अळीला मार्चपर्यंत घरचं जेवण.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात १९९६ पासून बीटी कापूस होता. तिथे आधी बिगरबीटीचे पट्टे राखले गेले, आणि २००६ पासून वांझ पतंग सोडले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. अळी तीच, विष तेच. फरक होता तो सगळ्यांनी मिळून वागण्याचा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे थोडं तिले खाऊ द्याव लागते." मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी त्यांनी फरदड घेतली नाही. डिसेंबरातच पऱ्हाटी उपटली. शेजारच्या शेतात मात्र ती फेब्रुवारीतही उभी होती. पतंगाला बांध दिसत नाही. उत्क्रांती एका जिवात घडत नाही, वस्तीत घडते. तिला तोंड द्यायचं तर आपल्यालाही एकेकट्याने नव्हे, गावाने द्यावं लागेल.