रिटायर झालेत, घरी बसलेले नाहीत!

‘माजी सैनिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? पांढऱ्या मिशा, छातीवर मेडल्स आणि 26 जानेवारीला कॉलेजच्या स्टेजवर पहिल्या रांगेतली खुर्ची. भाषण होतं, शाल-श्रीफळ होतं, आपण एक सेल्फी काढतो आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत बंद.

पण हे चित्र अर्धंच आहे. एक तर फौजेतला साधा जवान पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनीत येतो. म्हणजे आपल्या भाषेत अजून ‘करिअरचा पीक’ असतानाच तो माजी होतो! दुसरं म्हणजे, यातले बरेच जण घरी आले तरी शांत बसत नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तालुक्या-तालुक्याला माजी सैनिकांच्या संघटना आहेत. त्यांचं काम बहुतेक वेळा ना पेपरात येतं, ना रीलमध्ये. म्हणूनच या वेळी त्यांच्याबद्दल.

घरटी एक फौजी

या भागाचं फौजेशी नातं जुनं आहे. सातारा तालुक्यातल्या एका गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. त्यांची आठवण सांगणारं स्मारक आजही गावात उभं आहे. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात ‘सैनिक टाकळी’ आहे. अशा गावांत सुट्टीवर आलेला जवान आणि पेन्शनीत आलेला ‘मेजर’ हे रोजचं दृश्य. (हुद्दा काहीही असो, गावाला तो मेजरच!)

फौजेतून आलेला माणूस गावाचं काय करू शकतो, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे राळेगणसिद्धी. अण्णा हजारे फौजेत ड्रायव्हर होते, 1965च्या युद्धात खेमकरण आघाडीवर होते. 1975 मध्ये निवृत्ती घेऊन ते गावी आले आणि स्वतःच्या पैशातून आधी यादवबाबांच्या देवळाची दुरुस्ती केली. पाणलोटाचं काम, दारूबंदी, श्रमदान हे सगळं त्यानंतरचं. त्यांच्या पुढच्या आंदोलनांबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल, पण सुरुवात एका पेन्शनीत आलेल्या जवानाने केली होती, हे विसरून चालत नाही.

सगळेच काही राळेगण उभं करत नाहीत. बाकीच्यांचं काम छोटं असतं, आणि बरंचसं कागदांचं असतं.

बंदूक नाही, झेरॉक्स

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका संघटनेच्या ऑफिसात मी तीन सकाळी जाऊन बसले. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात चहाचा थर्मास. साडेनऊपासून माणसं येतात. कुणाचं ईसीएचएसचं कार्ड, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं. कुणाच्या मुलाची स्कॉलरशिप. आणि सगळ्यात जास्त, पेन्शन.

दुसऱ्या दिवशी सत्तरीतल्या एक आजी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पतीचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ, आधार आणि मृत्यूचा दाखला. पती जाऊन आठ महिने झाले होते आणि फॅमिली पेन्शन अजून सुरू नव्हती. कारण काय? फौजेच्या रेकॉर्डला त्यांचं माहेरचं नाव. आधारवर लग्नात बदललेलं नाव. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत होतीच, त्यात कुणाला काही वाटलं नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बायका!

पंचावन्नच्या आसपासचे एक निवृत्त हवालदार त्यांच्यासमोर बसले. ‘वहिनी, घाबरू नका’ म्हणत त्यांनी एकेक कागद मांडला. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, मग बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे फाईल. आजींकडून त्यांनी झेरॉक्सचेही पैसे घेतले नाहीत. मी हे लिहीपर्यंत ती फाईल बेळगावला गेली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर आजी शेजारच्या शेतात खुरपणीला जातात.

संरक्षण दलांची पेन्शन आता ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर आली आहे. लॉग-इन, ओटीपी, वर्षातून एकदा हयातीचा दाखला. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबू शकते. आपल्याला हे पाच मिनिटांचं काम वाटतं. पण ज्यांचा मोबाइल बटणांचा आहे, ज्यांच्या बोटांचे ठसे शेतात राबून पुसट झालेत, त्यांच्यासाठी हा डोंगर आहे. फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाली आहे. पण तो फोन आणि तो धरणारा कुणीतरी लागतोच की!

पहाटेचं ग्राउंड

दुसरं मोठं काम म्हणजे भरतीची तयारी. बऱ्याच ठिकाणी माजी सैनिक गावातल्या पोरांना फुकट शिकवतात. पहाटे पाचला ग्राउंड, रनिंग, बीमवर पुलअप्स. अग्निवीर भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की रनिंगचे पूर्ण मार्क. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष स्टॉपवॉचवर.

पण 2023 पासून क्रम उलटा झालाय. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. पळण्यात वाघ असलेला पोरगा माऊस हातात घेतल्यावर अडतो. गणित, सामान्य ज्ञान, वेळेत पेपर सोडवणं हे शिकवणारं माणूस ग्राउंडवर नसतं. हवालदारसाहेब शिस्त शिकवतील, टक्केवारीची गणितं कोण शिकवणार?

आणि एक गोष्ट शिकवणं त्यांनाही जड जातं. वय उलटून गेलेल्या पोराला ‘आता दुसरं काहीतरी बघ’ म्हणणं. पळणारे शंभर असतात, लागणारे मोजके. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक ग्राउंडच्या कडेला उभा असतो.

बावीस-तेविसाव्या वर्षी ‘माजी’?

हा प्रश्न आता आपल्या वयापर्यंत आलाय. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होणार. पहिल्या तुकडीचं ट्रेनिंग 2022-23च्या हिवाळ्यात सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं 2026-27च्या हिवाळ्यात संपतात. बाहेर पडणाऱ्यांना सेवानिधीचे साधारण 11.71 लाख रुपये मिळतील. पेन्शन नाही. नियमानुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

योजना चांगली की वाईट यावर कट्ट्यावर वाद घाला, खुशाल घाला. पण ही पोरं गावी परतील तेव्हा आपल्याच वर्गातल्या मुलांएवढी असतील. त्यांचा हात धरणारं पहिलं ठिकाण कदाचित तीच एक खोली, दोन टेबलं असेल. आणि त्या टेबलांमागे बसणारी माणसं तोपर्यंत आणखी म्हातारी झालेली असतील.

7 डिसेंबरचा डबा

दरवर्षी 7 डिसेंबरला एनसीसीचे कॅडेट डबा घेऊन वर्गात येतात आणि लाल, गडद निळा, फिकट निळा असा छोटा झेंडा शर्टाला लावतात. हा सशस्त्र सेना ध्वजदिन, 1949 पासून सुरू असलेला. तीन रंग म्हणजे तीन दलं. हा निधी युद्धात जखमी झालेल्यांचं पुनर्वसन, जवानांच्या कुटुंबांचं कल्याण आणि माजी सैनिकांची मदत यासाठी असतो. पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथली मदतही यातलीच. म्हणजे आपण टाकलेले दहा रुपये कुठे जातात याचं उत्तर आहे. ते कधी विचारलं नाही, इतकंच.

पण दहा रुपये टाकणं सोपं आहे. या लोकांना खरी टंचाई पैशांपेक्षा वेळेची आणि हातांची आहे. आणि या दोन्ही गोष्टी कॉलेजमध्ये भरपूर आहेत, खोटं कशाला बोला!

आपण काय करू शकतो?

• तुमच्या जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. एनएसएसच्या ग्रुपने एकदा तिथे जाऊन विचारा, महिन्यातून एक दिवस कुठल्या गावात मदत हवी आहे.

• हयातीचा दाखला, ‘स्पर्श’चं लॉग-इन, कागद स्कॅन करणं. स्मार्टफोन असलेला कुणीही हे करू शकतो. फक्त ओटीपी आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा नाही. काम झालं की त्यांच्या वहीत लिहून द्यायचा.

• गणित किंवा कॉम्प्युटर येतं? भरतीच्या पोरांना आठवड्यातून दोन तास शिकवा. बदल्यात पहाटेचं ग्राउंड फ्री. जिमची फी वाचेल.

• घरात किंवा गल्लीत कुणी माजी सैनिक असतील, तर त्यांच्या पीपीओवरचं पत्नीचं नाव आणि तिच्या आधारवरचं नाव सारखं आहे का, हे आजच बघा. दोघंही हयात असताना दुरुस्ती सोपी जाते. नंतर ती बाईला एकटीला करावी लागते.

हा शेवटचा मुद्दा वाचून फोन हातात घेतलात, तर बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.