‘ये’ नव्हे, ‘द’!

इंग्लंडमधील जुन्या धाटणीच्या दुकानांच्या आणि पबच्या पाट्यांवर ‘ये ओल्डे’ असे शब्द दिसतात. त्यातला ‘ये’ म्हणजे नेहमीचा ‘द’च.

• मूळ अक्षर : जुन्या इंग्रजीत ‘थ’ आणि ‘द’ या उच्चारांसाठी ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते. ते रून लिपीतून आले. नावाचा अर्थ ‘काटा’.

• गोंधळ कसा झाला : हस्तलिखितांत थॉर्नची वरची दांडी हळूहळू आखूड होत गेली आणि ते ‘वाय’सारखे दिसू लागले. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. युरोपातून येणाऱ्या खिळ्यांत थॉर्न नसे, म्हणून छपाईत त्याच्या जागी ‘वाय’ बसला. लिहिताना ‘वाय’ आला, तरी उच्चार ‘द’च राहिला.

• पाट्यांवर केव्हा : 19व्या शतकात प्राचीनपणाचा थाट आणण्यासाठी ‘ये ओल्डे’ची चाल पडली. तोवर मूळ अक्षर विस्मरणात गेले होते. लोक दिसेल तसे ‘ये’ वाचू लागले.

• दुसरा ‘ये’ : ‘तुम्ही’ या अर्थाचे अनेकवचनी सर्वनाम ‘ये’ हा मात्र वेगळा, अस्सल जुना शब्द आहे. तो कर्त्याच्या जागी येई, तर ‘यू’ कर्माच्या जागी. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये हा भेद दिसतो.

• आज : थॉर्न आइसलँडच्या वर्णमालेत अजूनही रोजच्या वापरात आहे.