पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

पाच वर्षांपूर्वी लोहगडवाडीतल्या एका ओसरीवर आम्ही प्राध्यापक मंडळी पिठलं-भाकरीची वाट पाहत बसलो होतो. सहलीच्या पत्रकात ‘आणी’ छापले होते. मी पेन काढले, सर्वांची पत्रके गोळा केली आणि एकूण एक दुसरी वेलांटी पहिली केली. शब्दाच्या शेवटचा इकार मराठीत दीर्घ, हे खरे. पण ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद!

पत्रक लिहिणारे गृहस्थ समोरच होते. त्यांचे तोंड उतरले, असे मला मागाहून कळले. मी पाहत होतो ते वेलांट्यांकडे. पुढे दोन वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत.

वाचकहो, ‘तऱ्हेवाईक’, ‘शिष्ट’ ही बिरुदे मी वीस वर्षे मिरवली. ‘जरा नजर टाका’ म्हणून कोणी प्रश्नपत्रिका पुढे केली, की मी रात्र जागून स्वल्पविराम तपासत असे; त्यांना हवी असे नुसती सही. चहाला सारे एकदम बोलू लागले, की शब्द ऐकू येत, अर्थ लागत नसे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी याला नाव दिले : स्वमग्नता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत मुलांमधल्या या अवस्थेचे वर्णन केले. ती मुले मोठी होऊन नोकऱ्या करतात, हे जगाच्या ध्यानी फार उशिरा आले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे.

नाव मिळाले म्हणून दुखावलेला माणूस परत मिळत नाही. मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. म्हणालो, “सर, मला चेहरे वाचता येत नाहीत. राग आला तर सरळ शब्दांत सांगा.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सांगेन. तुम्हीही चूक दाखवाल ती चारचौघांत नको.”

एवढाच आमचा करार. तो आजवर टिकला आहे.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा लोहगड ठरला. आदल्या दिवशी त्यांनी पत्रक माझ्या हाती दिले. “एक चूक तुमच्यासाठी मुद्दाम ठेवली आहे हं!” मी रात्रभर शोधली. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी गणेश दरवाजा गेला, नारायण दरवाजा गेला. हनुमान दरवाजापाशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

ते मागे वळून म्हणाले, “पोचली?”