महाडच्या तळ्याकाठी भूगोलाचे पाच प्रश्न

आपल्या घरातील पाचवी-सातवीच्या मुलाला विचारून पाहा, कोणता विषय नकोसा वाटतो? गणित आणि इंग्रजी यांच्या मागोमाग बहुधा भूगोलाचे नाव येते. कारण विचारले तर मूल सांगते, "नुसते पाठ करायचे असते." नद्यांची नावे, पिकांची नावे, राजधान्यांची नावे. परीक्षा संपली की सारे विसरायचे. यात मुलाचा दोष नाही. आपणही भूगोल असाच शिकलो. शिवाय पालकांची दुसरी अडचण असते, "आमचेच शिक्षण अर्धवट राहिले, आम्ही मुलाला काय सांगणार?"

पालक बंधू-भगिनींनो, भूगोल समजावून सांगायला पदवी लागत नाही. नीट प्रश्न विचारता आले म्हणजे पुष्कळ झाले. १९८४ साली अमेरिकेतील भूगोल शिक्षकांच्या आणि भूगोलतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून शाळांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तीत भूगोलाची पाच मूलभूत सूत्रे सांगितली आहेत. साध्या भाषेत ते पाच प्रश्न असे: हे ठिकाण कोठे आहे? ते कसे आहे? तेथील माणसाने निसर्गाशी कसे जमवून घेतले? तेथे कोण आणि काय येते-जाते? आणि ते कोणत्या मोठ्या प्रदेशात मोडते?

हे पाच प्रश्न आपण महाडला लावून पाहू. महाडचे नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. २० मार्च १९२७ ही तारीख मुलांना तोंडपाठ असते. पण नकाशा पुढे ठेवून "महाड दाखव" म्हटले की बोट इकडेतिकडे फिरू लागते.

कोठे आहे?

नकाशावर आडव्या रेषा म्हणजे अक्षांश आणि उभ्या रेषा म्हणजे रेखांश. महाड सुमारे १८ अंश उत्तर अक्षांश आणि साडेत्र्याहत्तर अंश पूर्व रेखांशाच्या जवळ आहे. हा झाला त्याचा नेमका पत्ता. दुसरा पत्ता शेजाऱ्यांवरून सांगतात: मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुंबईपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, सावित्री नदीच्या काठी, रायगड किल्ल्याजवळ.

हा दुसरा पत्ता फार बोलका असतो. महाडमध्ये तळे होते गावात, भोवती सवर्णांची घरे. अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर. म्हणजे पाण्यापर्यंतची वाट दुसऱ्यांच्या वस्तीतून जात होती. कोणाचे घर कोठे आणि पाणी कोठे, एवढे कागदावर काढले तरी मुलाला अस्पृश्यता म्हणजे काय ते निम्मे कळेल.

कसे आहे?

पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत डोंगरउतार, भातखाचरे आणि नद्या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तेथेच कृष्णाही उगम पावते. कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कडा उतरते आणि शंभर किलोमीटरच्या आसपासच अरबी समुद्र गाठते. एकाच डोंगरावरच्या दोन बहिणी, पण वाटा किती वेगळ्या! मुलाला नकाशावर दोन्ही नद्यांवरून बोट फिरवायला सांगा. सह्याद्री हा जलविभाजक आहे हे वाक्य मग घोकावे लागणार नाही.

माणसाने कसे जमवून घेतले?

आता एक कोडे घाला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खाली कोकणातही पाऊस भरपूर. मग अशा मुलखात एका तळ्यासाठी एवढा लढा का व्हावा?

उत्तर भूगोलात आहे. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतार तीव्र, नद्या आखूड. पाणी धावत समुद्राला जाते. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र, तीत पाणी फार काळ थांबत नाही. फाल्गुन-चैत्रात विहिरी खाली जातात. खाडीचे पाणी खारे, ते पिण्याच्या कामाचे नाही. म्हणून गोड्या पाण्याचे तळे हा गावाचा प्राण असतो. महाडच्या तळ्याच्या नावातच चव आहे.

आता २० मार्च या तारखेकडे पुन्हा पाहा. दिवस उन्हाळ्याचे. हजारो माणसे परिषदेला जमलेली. त्यांच्यासाठी पाणी विकत घ्यावे लागले होते. त्या तळ्यावर इतर धर्मांच्या लोकांना मज्जाव नव्हता, जनावरे पाणी पीत होती. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरी कागदावरचा ठराव घागरीत उतरत नव्हता. बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावा कोर्टात गेला. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

येथे मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगा. उन्हाळ्यात पाणी कमी पडणे हे निसर्गाचे काम. पण आहे ते पाणी एकाला द्यायचे आणि दुसऱ्याला नाही, हे माणसाचे काम. भूगोल शिकताना या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडाले, तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा: पाऊस किती होता, भरती केव्हा होती, आणि नदीच्या पात्राजवळ बांधकाम किती झाले होते?

कोण, काय येते-जाते?

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले ते बोटीने. दासगाव बंदरात उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. त्याच २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. आज महाडला बंदराने कोणी येत नाही. रस्ता आहे, जवळ कोकण रेल्वेचे वीर स्टेशन आहे. १९२७ साली खाडी हाच या भागाचा मोठा रस्ता होता.

माणसांचीही वाट पाहा. खाडीच्या दक्षिणेला मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. पण जन्म झाला महूला, कारण वडील रामजी सुभेदार लष्करात होते. पुढे दापोली, सातारा, मुंबई, न्यूयॉर्क, लंडन. ही सारी गावे मुलाला नकाशात शोधू द्या आणि दोऱ्याने जोडू द्या. मग आपल्या घराचा दोरा लावा. आजोबा कोणत्या गावाहून आले? गिरणीत, गोदीत की रेल्वेत लागले? गाव का सोडले?

कोणत्या प्रदेशात मोडते?

महाड कोकणात आहे. कोकण हा निसर्गाने आखलेला प्रदेश: तोच पाऊस, तीच जांभी माती, तेच भात. पण १९२७ साली महाड कुलाबा जिल्ह्यात होते आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड आहे. जिल्ह्याच्या सीमा आणि नावे माणूस ठरवतो. गावाची वेसही माणसानेच ठरवली होती. जे माणसाने आखले ते माणसाला पुसताही येते, हे महाडने दाखवले.

घरी काय करावे?

येत्या रविवारी एक कोरा कागद घ्या. मुलाला आजीजवळ बसवा आणि तिच्या गावाचा नकाशा काढायला सांगा. आधी दिशा दाखवा: सूर्य उगवतो ती पूर्व. मग विचारा: नदी कोणत्या बाजूला होती? आपला वाडा गावाच्या कोणत्या दिशेला होता? वारा कोठून येई? आपले पाणी कोठे आणि गावाचे पाणी कोठे? जमीन कोणाची, चढावर कोण, उतारावर कोण? आजीला लिहिता येत नसेल, पण त्या गावाचा भूगोल तिला पुस्तकापेक्षा जास्त येतो. असा नकाशा कोणत्याही ॲटलासमध्ये छापलेला नाही. आज तो काढला नाही तर आजीबरोबर जाईल.

नंतर मुलालाच आपल्या आजच्या वस्तीचा नकाशा काढू द्या. नळ कोठे, नाला कोठे, शाळा किती पावलांवर, पावसाळ्यात पाणी कोणाच्या दारात साचते. पुढच्या परीक्षेत मार्क वाढतील ते वाढतील. पण नगरसेवकाच्या दारात अर्ज घेऊन जाताना असा नकाशा जवळ असला, तर बोलणे ठाम होते.

धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. भूगोलही तसाच शिकायचा. आणि यंदा २० मार्चला महाडला जाल तेव्हा मुलाला बरोबर घ्या, नकाशा त्याच्या हातात द्या आणि वाट त्याला दाखवू द्या.