निरोपाचे कुलूप आणि निरोपाचे घर



आजारी माणसांची विचारपूस करणाऱ्या आपल्या मंडळाने निरोपांसाठी स्वतःचा सर्व्हर ठेवावा, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केली आहे. तिच्याविषयी समजेल असे बोलण्याचे काम मजकडे आले. दुसऱ्याचे दुखणे झाकून कसे ठेवावे हे रुग्णसेवेत शिकले. यंत्राची माहिती मात्र त्या तरुणांकडून व वाचनातून मिळविली.

या विषयात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक निरोपाचे कुलूप, दुसरे निरोपाचे घर.

कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. साधेपणाने सांगावयाचे तर प्रत्येक फोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. एक किल्ली इतरांस दिली जाते. तिने निरोप बंद होतो. उघडणारी किल्ली फोनातच राहते. त्यामुळे वाटेतल्या सर्व्हरच्या हाती निरर्थक अक्षरेच पडतात. व्हॉट्सअॅपवर 2016 पासून हे कुलूप सर्वांस आहे. मात्र इंटरनेटवर ठेवलेल्या बॅकअपला कुलूप लावण्याची सोय 2021 मध्ये आली, आणि ती आपण स्वतः चालू करावी लागते.

मग वेगळे घर कशाला? कारण मजकूर बंद असला तरी कोण कोणाशी, केव्हा व किती वेळा बोलले, हे सर्व्हर चालविणाऱ्यास कळू शकते. एखादे कुटुंब कर्करोगाच्या डॉक्टरांशी रोज बोलू लागले, तर आतले शब्द वाचण्याची गरज कोणास उरते?

स्वतःचे घर बांधण्यासाठी मॅट्रिक्स नावाची खुली पद्धत 2014 पासून उपलब्ध आहे. फ्रेंच सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 2019 मध्ये सुरू केलेले त्शाप तिच्यावरच उभे आहे. जर्मन सैन्याचीही अशी व्यवस्था आहे. आपल्यासारख्या लहान मंडळास एक छोटा संगणक किंवा भाड्याची जागा पुरते. लेखी निरोपांप्रमाणे दोघांमधील फोनसंभाषणही त्यावर कुलूपबंद राहते. केवळ आवाजासाठी मम्बल नावाचे जुने साधन कोणी सुचविले होते. ते चांगले आहे. पण त्यात आवाज सर्व्हरपर्यंतच बंद असतो, तेथे उघडतो, आणि पुन्हा बंद होऊन पुढे जातो. सर्व्हर राखणाऱ्याने मनात आणले तर त्यास ऐकता येईल. दुखण्याच्या गोष्टींसाठी ते मला पसंत नाही.

आता माझी खरी काळजी सांगते. परक्या कंपनीचा कारकून आपल्या मावशीला ओळखत नाही. आपला सर्व्हर राखणारा मात्र ओळखतो. कोणाच्या मुलीला फिट येतात, कोणाच्या मुलाला मनाच्या आजाराची औषधे चालू आहेत, हे आपल्या लहानशा समाजात बाहेर पडले तर जुळत आलेले लग्न मोडते. म्हणून घर आपले झाले की कुलूप सैल नव्हे, अधिक पक्के हवे. दुसऱ्याचे पत्र त्याच्या संमतीवाचून वाचू नये, हा निर्बंध सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या माइन्त्स येथील रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने चालत आला आहे. तोही परक्यांपेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीच असावा, असे मला वाटते!

मॅट्रिक्समध्ये निरोप बंद असले तरी ग्रुपचे नाव व सभासदांची यादी सर्व्हरला सहसा उघडी दिसते. म्हणून ग्रुपला कोणाच्या आजाराचे नाव देऊ नये. वॉर्डात आम्ही पलंगावरच्या पाटीवर रोगाचे नाव लिहीत नसू, तसेच हे. शिवाय एखाद्या सभासदाचे खाते दुसऱ्या सर्व्हरवर असेल, तर त्या ग्रुपची प्रत तेथेही जाते. नवा फोन जोडताना दोन्ही पडद्यांवर सात चित्रे दिसतात. ती समोरासमोर बसून किंवा ओळखीच्या आवाजात पडताळून पाहावीत. मध्ये तिसरा कोणी शिरलेला नाही, हे त्यानेच कळते. किल्ली परत मिळविण्याचा लांब संकेत कागदावर लिहून कपाटात ठेवावा. फोन हरवला आणि तो कागदही नसला, तर जुने निरोप सर्व्हर राखणाऱ्यालाही उघडता येत नाहीत. वृद्धांना हे आधीच समजावून सांगावे.

सर्व्हरचे नाव विचारपूर्वक निवडावे, कारण ते प्रत्येकाच्या खात्याचा भाग होते आणि मागाहून बदलता येत नाही. नवी दुरुस्ती वेळेवर बसविणे आणि बॅकअप घेणे ही कामे ड्यूटीसारखी आहेत, हौसेची नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर बंद पडला, तर शाब्बाथ संपेपर्यंत त्याकडे कोणी पाहणार नाही. तेव्हा तातडीच्या दुखण्यासाठी त्यावर विसंबू नये. 101 क्रमांक फिरवावा.

पुढच्या सभेत मत देण्यापूर्वी ही ड्यूटी पत्करणारी दोन माणसे, दोन वेगळ्या घरांतली, नावानिशी ठरवावीत. एकच मिळाला तर तो परगावी गेल्यावर किंवा आजारी पडल्यावर सारे थांबेल. दोन नावे न मिळाल्यास तूर्त सिग्नलवर ग्रुप करावा. तेथे घर आपले नसले तरी ते नफा न घेणाऱ्या संस्थेचे आहे, आणि ग्रुपचे नावसुद्धा कुलपात राहते.