इंग्रजीचा प्राध्यापक आणि त्याचा मुलूख

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपेपर्यंत ज्या मुलखातील सरकारी दप्तर आणि उच्च शिक्षण उर्दूतून चालत असे, त्या मराठवाड्यात इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक म्हणजे काहीसा परका गृहस्थच मानला जाई. त्याने शेक्सपिअर शिकवावा, उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि यथाकाल सेवानिवृत्त व्हावे, याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नसे. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी मात्र आपल्या विषयाची हद्द वर्गाच्या चार भिंतींपलीकडे नेली.

त्यांच्या व्यासंगाचा विषय होता अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य. लँग्स्टन ह्यूज, रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन अशा लेखकांनी समृद्ध केलेल्या या वाङ्मयावर इंग्रजीत प्रबंध लिहून विद्वन्मान्यता मिळवणे सोपे होते. परंतु ज्या काळी दलित लेखक आपल्या वेदनेला शब्द देऊ लागले होते आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, त्या काळी या साहित्याची ओळख मराठी वाचकाला मराठीतच करून देणे हे वाघमारे यांनी आपले कर्तव्य मानले व त्यासाठी ग्रंथलेखन केले. अर्थात वर्ण आणि जात यांची तुलना जपूनच केली पाहिजे: वर्ण डोळ्यांना दिसतो, जात आडनावात आणि गावाच्या रचनेत दडलेली असते. तथापि दूरदेशीच्या दुःखाशी आपले दुःख ताडून पाहण्याची सोय मराठी वाचकाला झाली, हा लाभ मला लहान वाटत नाही.

१९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य. जादा तास, वारंवार सराव परीक्षा आणि शिक्षकांची अखंड देखरेख यांतून घडलेला ‘लातूर पॅटर्न’ याच महाविद्यालयाच्या नावाशी निगडित आहे. ग्रामीण मुलांना गुणवत्तायादीत स्थान मिळवून देणाऱ्या त्या प्रयोगाचे पुढे शिकवणीवर्गांनी व्यापारात रूपांतर केले. त्याचा दोष मूळ कल्पनेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या कुलगुरुपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यानंतर थेट जनतेच्या मतांनी निवडून येऊन त्यांनी लातूरचे नगराध्यक्षपद सांभाळले, आणि २००८ ते २०१४ या काळात राज्यसभेचे सदस्यत्वही.

पदांची ही मालिका लोकांना तोंडपाठ असते. ग्रंथ मात्र कपाटात राहतात. परीक्षेच्या तयारीसाठी गावोगावहून लातुरात येणाऱ्या मुलांच्या हाती ते पडतील, एवढी तजवीज तेथील ग्रंथपालांनी अवश्य करावी.